बेळगावात हम्मस: घरच्या तिळाचं, शिवारातल्या कच्च्या भाज्यांबरोबर

वैजू_टिळकवाडी

भोगीच्या आदल्या दिवशी आपल्या घरात काय काय येऊन पडतं बघा: पॉलिशचे पांढरे तीळ, ओला हरभरा, गाजरं, मेथीची जुडी, कांद्याची पात, लिंबं. हम्मसला, म्हणजे चणे आणि तीळ वाटून केलेल्या अरबी तोंडीलावण्याला, यापलीकडं लागतं काय? ओल्या हरभऱ्याच्या जागी काबुली चणे घेतले की सामान पुरं झालं. तरीही आपल्याकडं हम्मस म्हणजे हॉटेलात जाऊन खायची नाहीतर डबी विकत आणायची गोष्ट समजतात. ज्यांना हम्मस आवडत नाही त्यांनी बहुतेक डबीतलंच खाल्लेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. ताज्या तिळाचा वास डबीत टिकत नाही.

दुसरी गोष्ट कच्च्या भाज्यांची. मोठ्या शहरांत भाज्यांच्या कांड्या बुडवून खाणं हे नव्या पद्धतीचं खाणं धरतात. आपल्या सीमाभागात तसं कधीच नव्हतं. भाकरीच्या ताटात कच्ची मेथी, पाल्यासकट मुळा, पात, काकडी हे पहिल्यापासून आहे. खानावळीत जोळद रोट्टीबरोबर, म्हणजे ज्वारीच्या भाकरीबरोबर, ही हिरवी ताटली असतेच, अथणी-सौंदत्तीकडं त्यात हक्करकी या रानभाजीचा पालाही असतो. जोडीला शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, दही. कच्ची भाजी आणि तोंडीलावणं ही जोडी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. हम्मसनं तिथं फक्त एक वाटी वाढवायची.

आता कृती. भाज्यांबरोबर आठ-दहा जणांना पुरेल असं प्रमाण देते: काबुली चणे २०० ग्रॅम, तीळ १५० ग्रॅम, लिंबं दोन-तीन, गावठी लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, मीठ, खायचा सोडा, बर्फाचं पाणी. वरून घालायला तेल आणि ब्याडगी मिरचीची पूड.

चणे रात्री भरपूर पाण्यात भिजवा, पाण्यात अर्धा चमचा सोडा घाला. दहा-बारा तास तरी भिजू द्या. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवले तर सकाळी आंबूस वास येतो, म्हणून भांडं फ्रीजमध्ये ठेवावं. सकाळी ते पाणी ओतून टाका, चणे चोळून धुवा, नवीन पाणी आणि पाव चमचा सोडा घालून कुकरला लावा. कुकर निम्म्याच्या वर भरू नका, कडधान्याला फेस येतो आणि शिट्टीची नळी तुंबते. पाच-सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. उसळीला चणा शिजवतो तितका इथं चालत नाही. चिमटीत धरला की जराही कणी न लागता पसरला पाहिजे. सालं सुटून पाण्यावर तरंगतात, ती हातानं काढता येतील तेवढी काढा, सगळी निघाली नाहीत तरी काही बिघडत नाही. शिजवलेलं पाणी वाटीभर बाजूला ठेवा.

सगळी चव ताहिनीत, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या पातळ लगद्यात आहे, म्हणून इथं घाई नको. तीळ मंद आचेवर सतत हलवत भाजा. तडतडायला लागले, वास सुटला की उतरवा. रंग बदलेपर्यंत भाजायचं नाही, ते तिळाच्या चटणीला ठीक. ताटात पसरून गार करा आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दोन-तीन चमचे तेल घालून वाटा. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटतं, मग हळूहळू तेल सोडतं. मध्ये थांबून कडा खरवडा, मिक्सरलाही विश्रांती मिळते. चमच्यावरून सलग धार पडली की ताहिनी झाली.

लसूण थेट चण्यात टाकू नका. ठेचून लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा. लसूण ठेचला की त्याच्यातला तिखटपणा तयार व्हायला लागतो, आंबट रस त्याला तिथंच अडवतो. हा रस मीठ घालून गाळून ताहिनीत ओता. ताहिनी एकदम आवळते, गोळा होतो. हे व्हायलाच पाहिजे. आता बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत फिरवत राहा. गोळा सैल होतो, रंग पांढराफटक पडतो आणि मिश्रण फुगतं. मग त्यात कोमट चणे घालून अगदी बारीक होईपर्यंत फिरवा. चणे वाफाळते घालू नका, वाफेनं झाकण उडतं. ताज्या श्रीखंडाइतकं घट्ट ठेवा, कारण फ्रीजमध्ये ते आणखी आळतं. फारच घट्ट वाटलं तर बाजूला ठेवलेलं चण्याचं पाणी आहेच.

भाज्यांबद्दल प्रतिसादांत लिहीनच, पण कोण काय काय खातं ते आधी तुम्ही सांगा.

आक्का_शहापूर

छान लिहिलंस वैजू. एक विचारते, तिळाऐवजी शेंगदाण्याचं कूट घातलं तर? आमच्या घरात शेंगदाणे बारा महिने असतात. तीळ फक्त संक्रांतीला आणतो आणि उरलेले मग डब्यात खवट होतात.

वैजू_टिळकवाडी

आक्का, शेंगदाण्याचं करून खायला चांगलं लागतं, नाही म्हणत नाही. पण शेंगदाणा गोडसर असतो आणि तो चण्याला पूर्ण झाकून टाकतो. तिळाला जो किंचित कडवटपणा आहे तो लिंबाच्या आंबटपणाशी जुळतो, चणा मध्ये मऊ राहतो. तीन चवी वेगवेगळ्या कळतात. शेंगदाण्यात एकच कळते. तीळ खवट होतात म्हणता तर सगळे एकदम वाटून ताहिनी करून बरणीत ठेवा की. फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहते. वर तेल आलं तर चमच्यानं ढवळून घ्यायचं.

संकेश्वरकर

मी बरीच वर्षं आखातात नोकरी केली, तिथं पॅलेस्टिनी आणि लेबनीज सहकाऱ्यांबरोबर रोजचं जेवण होतं. थोडी भर घालतो.

त्यांच्याकडं हम्मस हे सकाळचं खाणं. खास हम्मसची दुकानं पहाटे उघडतात आणि भांडं संपलं की दुपारपर्यंत बंद होतात. फ्रीजमधलं गार हम्मस तिथं कोणी मानानं खात नाही, कोमट लागतं. वाढताना पसरट बशीत घेऊन चमच्याच्या पाठीनं मध्ये आळं करतात, कडा उंच ठेवतात. आळ्यात तेल, थोडे अख्खे शिजलेले चणे, कधी थोडी पातळ ताहिनी. बाजूला कच्च्या कांद्याचे चौथाई तुकडे असतात, त्याची एकेक पाकळी काढून तिनंच हम्मस उचलतात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपलं भाकरी-कांद्याचं जेवण डोळ्यांपुढं आलं. शिवाय टोमॅटो, पुदिना, सलगमचं गुलाबी लोणचं.

अख्खे चणे न वाटता ताहिनीत घोळवायचा प्रकारही आहे, मुसब्बहा म्हणतात. ज्यांच्याकडं मिक्सर नीट चालत नाही त्यांनी तो करावा, फार चांगला लागतो.

लेबनॉनमध्ये या पदार्थाचा अभिमान केवढा, तर २०१० च्या मे महिन्यात त्यांनी १०,४५२ किलो हम्मस एका बशीत करून विक्रम केला. आकडा मुद्दाम तोच ठेवला, कारण देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर. पदार्थ नेमका कोणाचा यावर तिकडं भांडणं चालू असतात, पण जुना आहे एवढं खरं. तेराव्या शतकात कैरोमध्ये लिहिलेल्या पाककृतींत चणे उकडून, वाटून, त्यात सिरका आणि मसाले घातलेला प्रकार सापडतो.

आणि मिरचीबद्दल वैजूताईंना पूर्ण पाठिंबा. तिकडं वर लाल पूड भुरभुरतात ती रंगाची आणि कमी तिखटाची असते. आपली ब्याडगी अगदी त्याच कामाची, तिचा अर्कसुद्धा रंगासाठीच काढतात. आमची संकेश्वरी मात्र हम्मसवर घालू नका, ती मटणाच्या रश्श्याला ठेवा.

गौरी_हिंडलगा

माझं हम्मस कडवट लागतंय. चणे मऊ शिजले होते, लिंबूही बेताचंच होतं. कशामुळं होत असेल?

वैजू_टिळकवाडी

गौरी, तीन कारणं असू शकतात. तीळ जास्त भाजले गेले. किंवा तीळ बिनपॉलिशचे, सालीसकट होते, साल कडू असते. किंवा ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये चण्यांबरोबर फिरवलं. ऑलिव्हचं चांगलं कच्चं तेल जोरात फिरवलं की त्यातला कडूपणा वर येतो. तेल वरूनच घालायचं, आत ताहिनीचं तेल पुरेसं असतं.

गौरी_हिंडलगा

तेलच असणार. अर्धी वाटी आतच घातलं होतं. धन्यवाद ताई.

मळा_येळ्ळूर

मी शेतकरी आहे, भाजीपाला करतो, म्हणून भाज्यांवर मी बोलतो.

कच्चं खायचं तर भाजी कुठल्या पाण्यावर पिकली हे आधी विचारा. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यावरची असली तर निर्धास्त खा. सांडपाणी मिसळणाऱ्या नाल्याच्या काठावरची पालेभाजी कच्ची खाऊ नये, ती शिजवावी. विकणाऱ्याला विचारायला लाजू नका, ज्याचं शिवार चांगलं आहे तो आपणहून सांगतो.

फ्लॉवर आणि कोबीवर फवारणी सगळ्यात जास्त असते आणि गड्ड्याच्या आत पाणी पोचत नाही. ज्यांना फ्लॉवर कच्चा हवा त्यांनी तुरे सुटे करून उकळत्या मिठाच्या पाण्यातून मिनिटभर काढावेत आणि लगेच गार पाण्यात टाकावेत. करकरीतपणा राहतो. कोबीचं बाहेरचं पान फेकून द्यावं आणि आतलं एकेक पान वेगळं धुवावं. नवलकोल, मुळा, गाजर, बीट यांची साल काढता येते, म्हणून ती कच्ची खायला सगळ्यात बरी. मेथी-कोथिंबिरीला तीन पाणी बदला, शेवटच्या पाण्यात तळाला माती दिसली तर चौथं.

नवलकोल कोणी कच्चा खात नाही याचं मला फार वाईट वाटतं. लिंबापेक्षा जरा मोठा, कोवळा गड्डा घ्या. वरची हिरवी साल काढली की खाली एक पांढरी धागेदार थर असते, तीही काढायची, बहुतेक लोक तिथंच थांबतात आणि मग चोथा लागतो म्हणतात. आतला गाभा पाणीदार आणि गोडसर असतो. हम्मसला याच्यासारखी भाजी नाही. हंगाम थंडीचा.

आमची भाजी पहाटे गाड्या भरून गोव्याला जाते. तिथल्या हॉटेलांत परदेशी पाहुणे हीच गाजरं आणि हीच काकडी हम्मसला लावून खात असतील. इथल्या लोकांनी आधी खावी, एवढंच म्हणणं.

वैजू_टिळकवाडी

दादा, नवलकोलाचं अगदी मनातलं बोललात.

कापण्याबद्दल सांगते. कांड्या बोटाएवढ्या लांब आणि करंगळीएवढ्या जाड. बारीक कापल्या तर हम्मस उचलताना मोडतात. गाजर, मुळा, नवलकोल कापून बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवले की पाणी शोषून कडक होतात, चावताना आवाज येतो. पण वाढण्याआधी स्वच्छ पंचावर कोरडे करा. ओल्या कांडीवर हम्मस बसत नाही, घसरून खाली पडतं आणि वाटीत पाणी होतं. काकडी मात्र पाण्यात ठेवू नका आणि मीठही लावू नका. बिया काढून, पाहुणे बसल्यावर कापा. पावसाळ्यात वाळकं येतात तेव्हा तीही घ्या.

मेथी बुडवून खाता येत नाही. ती अशी खायची: गरम भाकरीचा पापुद्रा काढायचा, त्यावर हम्मसचा हात फिरवायचा, वर कोवळी मेथीची पानं आणि चार दाणे शेंगा चटणी. घास दुमडून खायचा. मेथीचा कडूपणा आणि तिळाचा कडूपणा वेगळा आहे, दोन्ही एकत्र आले की लिंबू जास्त जाणवतं. माझ्या घरात कांड्यांपेक्षा हाच प्रकार जास्त संपतो.

सुमेधा_अनगोळ

पोर्टलँडहून लिहितेय, माहेर अनगोळ. इकडं दुकानात हम्मस दहा प्रकारचं मिळतं, तरी ताईंचं वाचून घरी केलं आणि आता डबी बंद.

एक महत्त्वाचं सांगायचं आहे. तिळाची ॲलर्जी असणारे लोक असतात आणि ती गंभीर असू शकते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ स्पष्ट लिहिणं बंधनकारक झालं आहे. हम्मसकडं बघून त्यात तीळ आहेत हे कळत नाही. शाळेच्या डब्यात किंवा कार्यक्रमाला नेणार असाल तर भांड्याशेजारी ‘यात तीळ आहेत’ अशी चिठ्ठी ठेवा. शेंगदाणा घातला असेल तर तेही लिहा.

संकेश्वरकर

हे फार बरं केलंत ताई. आपल्याकडं तीळगूळ सर्रास वाटतो, पण ही गोष्ट कोणी विचारत नाही.

कणकुंबी_पाऊस

आमच्याकडं बाजार लांब, पावसात तर चार महिने बाहेर पडायची पंचाईत. ऑलिव्ह तेल कुठून आणायचं? मी घाण्याचं शेंगतेल वापरते. छोट्या कढईत तेल कोमट करायचं, आच बंद करून त्यात ब्याडगीची पूड टाकायची. गरम तेलात टाकली तर पूड करपते आणि काळी पडते, कोमटात रंग सुटतो. हे लाल तेल हम्मसच्या आळ्यात ओतायचं. तिकडं वरून भुरभुरायला सुमाक नावाची आंबट पूड वापरतात असं वाचलं. मी आमसुलं कडक वाळवून मिक्सरमधून काढते आणि ती पूड टाकते. रंगही तसाच गडद येतो. आमसुलाला मीठ लावलेलं असतं, म्हणून हम्मसमध्ये मीठ जरा हात राखून घालायचं.

वैजू_टिळकवाडी

आमसुलाची पूड! हे मला सुचलं नव्हतं, उद्याच करते. शेंगतेलाचं मला पटतं, पण घाण्याच्या तेलाचा वास उग्र असतो, म्हणून वरून चमचा-दीड चमचाच. ताहिनी वाटताना मात्र ते घेऊ नका, तिळाचा वास दबतो. तिथं घाण्याचं तिळाचं तेल नाहीतर साधं सूर्यफुलाचं घ्या. आणि कोणी विचारायच्या आधीच सांगते, भाजलेल्या तिळाचं ते चायनीजवाल्यांचं काळसर तेल अजिबात नको.

निपाणीवाला

आमच्या बोअरच्या पाण्यात चणे शिजतच नाहीत. दहा शिट्ट्या झाल्या तरी आत कणी राहते. सोडा जास्त घालू का?

वैजू_टिळकवाडी

नको दादा. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि लिंबू घालून ती जात नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम चण्याच्या पेशींच्या भिंती घट्ट धरून ठेवतं, म्हणून मऊ होत नाही. शिजवायला प्यायच्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या, फरक लगेच कळेल. तेवढ्यानंही जमलं नाही तर चणे जुने असणार. वर्ष-दीड वर्षं गोदामात पडलेला चणा काही केल्या मऊ होत नाही. ज्या दुकानात कडधान्याचा खप जास्त तिथून आणा. आणि आंबट काहीही शिजायच्या आधी घालू नका, आंबटानंही चणा टणक राहतो. काही जण चव मुरावी म्हणून कुकरमध्येच लिंबू पिळतात.

आक्का_शहापूर

आपला साधा गावठी हरभरा घेतला तर? गोकाक-सौंदत्तीच्या काळ्या रानातला हरभरा किती चवीचा असतो.

वैजू_टिळकवाडी

चवीला मानते मी, पण साल जाड आणि काळपट, कितीही वाटलं तरी कचकच राहते. गावठी हरभऱ्याचंच करायचं तर डाळ घ्या. हरभरा डाळ चार तास भिजवून मऊ शिजवली की साल काढायचा प्रश्नच नाही, सोडाही लागत नाही. काबुलीपेक्षा चव जास्त हरभऱ्याची येते आणि रंग पिवळा. मला स्वतःला काबुलीचा मऊपणा जास्त आवडतो. ओला हरभरा येतो तेव्हा मात्र नक्की करा, सोलून मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकडायचा, बाकी सगळं तसंच. हिरवं हम्मस होतं. त्यात लसूण निम्मा करा, कोवळ्या दाण्याची गोडी राहते.

मळा_येळ्ळूर

ओल्या हरभऱ्याचं घरात करून बघितलं. आईला तिखट पाहिजे होतं म्हणून एक हिरवी मिरची वाटली. भाकरीबरोबर उत्तम. पात तर तशीच अख्खी बुडवून खाल्ली.

दीपा_चिक्कोडी

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना चालेल का? आणि दही घातलं तर तेल-तीळ कमी होतील का?

वैजू_टिळकवाडी

दीपा, चण्यानं साखर हळूहळू चढते आणि सुक्या चण्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळं पाव किंवा फरसाणापेक्षा हे कितीतरी बरं. पण तिळात तेल भरपूर आहे, तेव्हा दोन-तीन चमचे वाढा आणि ताट भाज्यांनी भरा. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

दही घालून चव चांगली येते, मऊ होतं, फक्त ते त्याच दिवशी संपवायचं. बिनदह्याचं हम्मस फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उन्हाळ्यात त्याच्याही आत फ्रीजमध्ये टाका आणि एकदा ताटात वाढलेलं परत डब्यात भरू नका.

संकेश्वरकर

लिंबांबद्दल कोणी बोललं नाही. तिकडची लिंबं मोठी, पिवळी, जाड सालीची. आपली कागदी लिंबं, त्यातही विजापूर जिल्ह्यातल्या इंडीकडची, जास्त आंबट आणि वासाची. परदेशी कृतीत अर्धी वाटी रस लिहिला असेल तर आपण निम्म्यापासून सुरुवात करावी आणि चाखत वाढवावं.

वैजू_टिळकवाडी

बरोबर. म्हणूनच मी दोन-तीन लिंबं असं लिहिलं. दोनचा रस आधी घाला, तिसरं चाखून.

सुमेधा_अनगोळ

ताई, मिक्सरमध्ये इतकं बारीक होत नाही असं माझ्या बहिणीचं म्हणणं आहे. ती भाग्यनगरात राहते, तिच्याकडं इडलीचा ग्राइंडर आहे.

वैजू_टिळकवाडी

मग तिला मिक्सर लागतच नाही. ग्राइंडरच्या दगडात हम्मस जे होतं ते मिक्सरला कधीच जमणार नाही. आधी तिळाचं कूट मिक्सरमधून काढून घ्यायचं, मग ग्राइंडरमध्ये टाकून दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं, लिंबू-लसणाचा रस, बर्फाचं पाणी, शेवटी चणे मूठमूठ. वीस मिनिटं फिरलं की बोटाच्या चिमटीत काही लागत नाही. दगड आधी नीट धुवायला सांग, इडलीच्या पिठाचा आंबूस वास राहिला तर तो हम्मसला लगेच लागतो.

गौरी_हिंडलगा

पुन्हा केलं, तेल वरून घातलं. कडवटपणा गेला. आता रविवारी भिशीच्या पंचवीस जणी येणार आहेत. किती करू?

वैजू_टिळकवाडी

पंचवीस जणींना अर्धा किलो काबुली चणे, साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम तीळ, सहा-सात लिंबं. दीड किलोच्या वर हम्मस होईल, प्रत्येकीला साठ-सत्तर ग्रॅम आलं. भाज्या अडीच-तीन किलो घे, त्यात नवलकोल आणि गाजर जास्त, बीट कमी, कारण त्याचा रंग सगळ्या वाटीला लागतो. थोडी रताळी उकडून त्याचेही काप ठेव, कच्चं न खाणाऱ्या असतातच. अर्धा किलो चणे भिजून किलोभराच्या आसपास होतात, तेव्हा तीन लिटरचा कुकर असेल तर दोन खेपा कर. ताहिनी शुक्रवारीच करून ठेव, हम्मस शनिवारी संध्याकाळी, आणि वाढायच्या तासभर आधी बाहेर काढून चमचाभर गरम पाणी घालून हलव. गार हम्मसला चव कमी लागते. भाज्या मात्र रविवारी सकाळीच आण. गणपत गल्लीत लवकर गेलीस तर नवलकोल पाल्यासकट मिळतील, पाला टवटवीत असेल तेच घे.

मळा_येळ्ळूर

आणि पाला फेकू नका हो. मुळ्याच्या पाल्यासारखीच त्याची भाजी होते, भाकरीबरोबर.